भाचीच्या शाळाभेटी आणि माझं पत्र

माझी भाची परदेशातच जन्मली, वाढली. महिनाभर रजा काढून, स्वतःच्या खर्चानं ती बेंगळुरूला आली ती गणितात मागे पडलेल्या मुलांना शिकवायला. राहायला माझ्याकडे, आणि दुभाषीही मीच. तीस वर्षांत माझं कन्नड भाजीवाल्या अक्कांच्या पुढे फारसं गेलेलं नाही, पण म्हटलं, निभावून नेऊ.

सरकारी कारखान्यात माझी अख्खी नोकरी झाली. तिथे शेजारच्या विभागात जायचं तरी आधी पत्र. स्वभावाला औषध नाही. भाची विमानात बसायच्या आधीच मी शहराबाहेर, होसकोट्यापलीकडच्या एका शाळेला टाइप केलेलं पत्र धाडलं: परदेशी पाहुण्यांचा दौरा, सोमवार व मंगळवार, विषय गणित. सहीखाली माझं निवृत्तीपूर्वीचं पदसुद्धा. कशाला, ते विचारू नका.

सोमवारी शाळेच्या दारात रांगोळी. आम्हा दोघींना शाल, हार, नारळ. हार गळ्यात ठेवायचा की काढायचा, भाचीला कळेना. मला मात्र, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग वर्गात तिनं फळ्यावर भागाकार घातला आणि अख्ख्या वर्गाचे हात वर. आणखी अवघड घातला, तरी हात वरच.

परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मावशी, यांना माझी गरजच नाहीये. आय थिंक, मी तिकीट बदलून लवकर परत जाते."

"उद्या बघू," मी म्हटलं. एवढ्या लांबून हौसेनं आलेली पोर हिरमुसून परत जाणार होती.

मंगळवारी तेच. उत्तरं बरोबर येत होती आणि भाची नुसती "व्हेरी गुड" म्हणत उभी होती. माझी नजर फळ्याच्या कोपऱ्याकडे गेली. पट अठ्ठेचाळीस, हजर सत्तावीस.

"बाकीची मुलं कुठे आहेत?" मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं.

"मॅडम, तुमचं पत्र आलं ना," त्या सरळपणे म्हणाल्या. "इन्स्पेक्शनला कच्च्या मुलांना कसं बसवणार? त्यांना म्हटलं, दोन दिवस घरी राहा."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! ज्यांच्यासाठी भाची आली, तीच मुलं माझ्या पत्रानं घरी बसवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथल्या तिथे बाईंची माफी मागितली. म्हटलं, मी कुणी साहेब नाही आणि ही तपासायला नाही, शिकवायला आलीय. उद्या शाल नको, रांगोळी नको, सगळी मुलं तेवढी पाहिजेत.

बाई म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, मॅडम. आधी सांगायचं ना!" त्याच संध्याकाळी त्या स्वतः घरोघर निरोप देऊन आल्या.

बुधवारी वर्ग भरलेला होता. साध्या वजाबाकीला अडणारी डझनभर मुलं भाचीला पहिल्या तासातच सापडली आणि तिचा चेहरा खुलला. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र दप्तर उघडायलाच तयार नव्हती. भाची तिच्या एका बाजूला जाऊन बसली, मी दुसऱ्या. मुलीनं आधी दाराकडे पाहिलं, मग कन्नडमध्ये मला हळूच विचारलं, "मिस, आज कुणी मोठी माणसं येणार नाहीत ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "आज कुणीसुद्धा येणार नाही."

तिनं वही काढली.