पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन

“पोटॅशियमच्या अणूतली इलेक्ट्रॉनची मांडणी सांगा,” क्विझ घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

निपाणीतल्या एका शाळेचा हॉल. मराठी मीडियम हायस्कुलांची विज्ञान क्विझ. सकाळपासून एकेक शाळा गळत गेली आणि स्टेजवर दोघंच उरले, सदलग्याचा एक मुलगा आणि आमची शुभांगी. दोघांचे मार्क सारखे. जिंकणाऱ्याला तीन दिवसांच्या विज्ञान शिबिराला बेंगळूरला नेणार होते. शुभांगी बेळगावातल्या वडगावच्या विणकराची मुलगी. घरात दोन पॉवरलूम आणि खाणारी सहा माणसं. तिच्या आईनं शेजारणीकडून बॅगसुद्धा मागून आणून ठेवली होती.

मी, तिचा मास्तर, पहिल्या रांगेत बसलो होतो. प्रश्न ऐकून मनात म्हटलं, झालं काम. हाच प्रश्न मी तिच्याकडून घोटून घेतला होता.

शुभांगीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, “दोन, आठ, नऊ.”

“चूक. सदलगा?”

“दोन, आठ, आठ, एक.”

“बरोबर!”

टाळ्या पडल्या. आणि मी, पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस, भर सभेत उभा राहिलो. “मॅडम, त्याचं चुकलंय. आमच्या मुलीचं बरोबर आहे!”

मी असं का म्हणालो ते कळायला थोडं सायन्स सांगावं लागेल. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. भोवती इलेक्ट्रॉन असतात, पण ते वाटेल तिथं नसतात. त्यांच्यासाठी ठरलेली कवचं असतात. पहिल्या कवचात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा. कवचाच्या नंबराचा वर्ग करायचा आणि त्याची दुप्पट करायची, एवढंच सूत्र. पोटॅशियमकडं एकोणीस इलेक्ट्रॉन. दोन आणि आठ गेले, नऊ उरले. तिसऱ्या कवचात अठरांची जागा आहे, म्हणजे नऊ तिथं आरामात बसणार. हे माझं गणित.

गणितच, कारण मी गणिताचा मास्तर. सायन्सच्या मॅडमची बदली झाली आणि जागा रिकामीच राहिली. हेडसर म्हणाले, “नववीचं सायन्स तेवढं तुम्ही ओढा.” मी ओढलं. सूत्र दिसलं की मला आनंद होतो. त्या आनंदात सूत्राखालचा नियम मी धड वाचलाच नाही. सगळ्यात बाहेरच्या कवचात आठाच्या वर इलेक्ट्रॉन राहत नाहीत, असा तो नियम. पुस्तकातला तक्ता अठराव्या मूलद्रव्यापाशी, आरगॉनपाशी संपतो. तिथपर्यंत माझं गणित बिनचूक जुळतं. पुढचं पोटॅशियम मी माझ्या मनानं सोडवलं आणि ऐटीत फळ्यावर लिहिलं.

त्याच दिवशी शुभांगी उभी राहिली होती.

“सर, पोटॅशियम सोडियमगत वागतंय म्हणून तुम्हीच सांगिटलासा. सोडियमच्या शेवटच्या कवचात एकच हाय. मग ह्याच्यात बी एकच पाहिजे की.”

किती सुरेख विचार होता तो! शेवटी एकटाच इलेक्ट्रॉन असला की तो चटकन सुटतो, म्हणून ही दोन्ही मूलद्रव्यं सारखी वागतात. चौदा वर्षांच्या पोरीनं ते आपल्या डोक्यानं जुळवलं होतं. आणि मी काय म्हणालो? “सूत्र तू शोधलंस काय गं?” वर्ग हसला. मलाही बरं वाटलं, हे सांगताना आज तोंड लपवावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती दहावीचं पुस्तक घेऊन स्टाफरूमच्या दारात आली. “सर, एवढं एक बघतासा काय?” पान उघडून, त्यावर बोट ठेवून उभी होती.

“टेस्टचं बघ आधी. शहाणपणा नंतर.”

मी त्या पानाकडं बघितलंसुद्धा नाही. न कळणं हा गुन्हा नव्हे. पण समोर उघडलेलं पान न बघणं, ह्याला माझ्याकडं आजही सबब नाही. टेस्टमध्ये तिनं दोन, आठ, आठ, एक लिहिलं. मी त्यावर लाल रेघ मारली आणि ‘जे शिकवले तेच लिहावे’ असा शेरा दिला. पुढं क्विझच्या तयारीत रोज विचारायचो, “पोटॅशियम?” ती सांगायची, “दोन, आठ, नऊ, सर.” मी म्हणायचो, “आता कसं!”

तर निपाणीच्या हॉलमध्ये मी उभा होतो. मॅडम माझ्याहून वीस वर्षांनी लहान असतील. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “सर, तिसरं कवच बाहेरचं असेपर्यंत त्यात आठच राहतात. एकोणिसावा चौथ्यात जातो. नववीच्या धड्यातच आहे.” हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मी खाली बसलो. शुभांगीकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण आश्चर्य नव्हतं.

बसस्टँडवर हेडसरांचा फोन आला.

“काय झालं? जिंकलो?”

“एका प्रश्नानं गेलं, सर.”

“कसलं काय! पोरगी तर हुशार आहे.”

“ऐनवेळी जरा गडबडली.”

शुभांगी माझ्या शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं. दप्तर ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ह्या सगळ्या प्रकरणात माझ्या तोंडून निघालेलं सगळ्यात हलकट वाक्य तेच.

बस सुटली, संकेश्वर आलं. मग राहवेना.

“तू टेस्टमध्ये तर बरोबर लिहिलं होतंस. दहावीच्या पुस्तकात बघितलंही होतंस. मग आज असं का सांगितलंस?”

ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, “तुम्ही म्होरंच बसलतासा, सर.”

“म्हणून काय झालं?”

“एवढ्या लोकांत तुम्हाला खोटं कसं पाडायचं? आमचे आप्पा बी तसंच करतात. सावकारानं साडीचा रंग चुकीचा सांगिटला तरी तसाच विणतात. उलट बोललं की काम बंद.”

“अगं, पण बेंगळूर गेलं की तुझं!”

“व्हय,” ती म्हणाली. एवढंच. आणि मग बेळगाव येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती. मी तिच्याकडं बघू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच हेडसरांना गाठलं. म्हटलं, “पोरगी गडबडली नव्हती. मी चुकीचं शिकवलं होतं. आणि काल फोनवर मी तुमच्याशी खोटं बोललो.” त्यांनी चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाले, “वर्गाला सांगा हे.”

सांगितलं. फळ्यावर दोन, आठ, आठ, एक लिहिलं. शुभांगीचे कापलेले मार्क दिले आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. मला वाटलं, वर्ग चकित होईल. पण कोणाच्या तोंडावरची माशी हलली नाही.

मला शंका आली. “हे कोणाकोणाला आधीच माहीत होतं?”

आधी एक हात वर आला. मग दोन. मग जवळजवळ सगळा वर्ग.

“कधीपासून रे?”

“शुभांगीनं पुस्तक दाखवल्यापासनं, सर.”

“मग टेस्टमध्ये बाकीच्या सगळ्यांनी नऊ कसं लिहिलंत?”

मागच्या बाकावरून एक मुलगी सहज बोलून गेली, “तुमचा पेपर हुता न्हवं, सर. बोर्डात बरोबरच लिवणार हुतो.”

शिबिराला सदलग्याचा मुलगा गेला. ती जागा शुभांगीला परत मिळवून देणं माझ्या हातात नव्हतं. तिच्या आईनं बॅग शेजारणीला परत दिली, एवढं मला नंतर कळलं.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. वर्गात कोणी चूक काढत नाही म्हणजे आपण बरोबर आहोत, असं समजत नाही. पोरं आपल्याला सांभाळूनही घेत असतात. आणि पोरांना घेऊन क्विझला गेलो, तर त्यांना हॉलच्या दारापर्यंत पोचवतो आणि बाहेर चहा पीत बसतो.