नामदेवरावांच्या गिरणीतलं बेअरिंग

हैदराबादच्या नल्लकुंट्यात कुणाचा पंखा कुरकुरला की हिम्मतरावांना बोलावणं यायचं. बेअरिंगच्या कारखान्यात, रिंगा घासायच्या मशीनवर त्यांची उभी हयात गेलेली. बेअरिंग बोटावर फिरवायचे, कानाशी धरायचे आणि तोंडाने वाजवून दाखवायचे. "ऐका. खर्र-टिक-खर्र. आतला छर्रा चेपलाय." नाहीतर, "सुंईऽऽ. लोणी आहे, लोणी. पोरीच्या लग्नापर्यंत बघायला नको."

दिवाळीच्या तोंडावर गल्लीतल्या नामदेवरावांच्या गिरणीचं बेअरिंग गेलं. बाहेर भाजणीच्या डब्यांची रांग. हिम्मतरावांनी कारखान्यातून नवं आणलं, कानाशी फिरवलं, "सुंईऽऽ" केलं आणि बसवून दिलं.

आता त्या बेअरिंगची रिंग हिम्मतरावांच्याच हातची. ती घासली त्या दिवशी मशीनवरची, रिंग गार ठेवणारी पाण्याची तोटी सरकलेली, आणि खोकंभर रिंगांवर तपकिरी झाक आलेली. जळल्या होत्या. त्यांनी दाखवल्या, तर सुपरवायझर म्हणाला, "पॉलिशमें निकल जाता जी. कायकू परेशान होरे?" झाक निघालीही. रिंगा आरशासारख्या चकाकल्या आणि हिम्मतरावांनी मान डोलावली. गिरणीची घाई झाली तेव्हा नेमका तोच माल समोर होता.

पण चकाकी वरवरची. खाली पोलाद मऊ पडलेलं. छर्रे त्याच जागेवरून फिरत राहणार, आतल्या आत चीर धरणार आणि एक दिवस टवका उडणार. तोवर कानाला काही म्हणजे काही कळणार नाही. हे हिम्मतरावांना ठाऊक होतं, तरी ते रोज गिरणीत जाऊन उभे राहू लागले.

"काय हो, गिरणीच्या प्रेमात पडलात काय?" गिरणीच्या फिरत्या पट्ट्याशेजारी बसून चिमटीत पीठ चोळत नामदेवराव विचारायचे.

"आवाज ऐकतो."

"मग, काय म्हणते?"

"काही म्हणत नाही."

घरी बायको भामाबाई म्हणायच्या, "भाकरी ताटात अन् कान गिरणीत. तिथंच जेवायला जा की."

भोगीच्या आदल्या दिवशी बाजरीला गर्दी. नामदेवराव एका बाईंना ऐटीत सांगत होते, "आमचं बेअरिंग हिम्मतरावांनी ऐकून बसवलंय. कानाची ग्यारंटी." त्यांचा हात बोलता बोलता पट्ट्याजवळून फिरत होता. हिम्मतरावांनी पुढे होऊन बटण बंद केलं.

"अहो, बाईंचं अर्धं दळण आत आहे."

"राहू द्या. बेअरिंग काढतो."

"वाजतंय का?"

"नाही. जळकं आहे. आणलं तेव्हाच ठाऊक होतं मला."

नामदेवरावांनी आपला हात मांडीवर घेतला. म्हणाले, "ठाऊक होतं, अन् तोंडाने सुंई वाजवलंत."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात हिम्मतरावांनी गिरणीतून काढलेल्या बेअरिंगच्या रिंगेवर ॲसिडचा थेंब टाकला. नखाएवढा काळा डाग उमटला, पोलाद जळल्याची खूण. रिंग सुपरवायझरपुढे ठेवून म्हणाले, "बाकीच्या कुठं गेल्या?"

"जाने दो मियाँ. अब कौन ढूंडता?"

हिम्मतराव मशीनपाशी गेले, पण मशीन सुरू केलं नाही. दुपारी साहेब स्वतः खाली आले, तेव्हा कुठे गिऱ्हाइकांना फोन लागू लागले. निम्म्यांनी बेअरिंगं पुढे विकून टाकलेली.

संध्याकाळी गिरणी सुरू होती. नामदेवरावांनी बाजारातून दुसरं बेअरिंग आणून दुसऱ्याकडून बसवून घेतलं होतं. हिम्मतरावांनी डबा रांगेच्या शेवटी ठेवला.

"ऐकायचं नाही का आज?" नामदेवराव मान वर न करता म्हणाले.

"नको."

बाजरी दळून होईपर्यंत ते बाहेर रस्त्यावर उभे राहिले.