स्लिपच्या मागची सोंगटी

कसोटी सामना सुरू झाला की आमच्या पनवेलच्या घरात कॅरमचा बोर्ड निघायचा. खेळायला नव्हे, क्षेत्ररचना मांडायला. नऊ पांढऱ्या सोंगट्या म्हणजे नऊ क्षेत्ररक्षक, लाल राणी म्हणजे गोलंदाज, स्ट्रायकर म्हणजे यष्टिरक्षक आणि मधे दोन काळ्या सोंगट्या म्हणजे फलंदाज. पावडर टाकायची नाही, कारण सोंगट्या घसरतात. रेडिओवरचा समालोचक जे सांगेल त्याप्रमाणे अण्णा एकेक सोंगटी सरकवत. घरात टीव्ही आला होता, पण त्यावर कॅमेरा दाखवेल तेवढंच मैदान दिसतं आणि रेडिओवर सगळं दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. पनवेलपासून उरणपर्यंतच्या पट्ट्यातली किती शेतं आणि मिठागरं त्यांनी साखळी टाकून मोजली होती त्याला गणती नाही. नव्या शहरासाठी आणि बंदरासाठी जमिनी जायला लागल्या तेव्हा लोक सरकारला शिव्या देत, कचेरीला शिव्या देत, पण अण्णांनी रोवलेला दगड चुकीच्या जागी आहे असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही. पुढे जे झालं त्याला हे कारण आहे.

सामन्याला दोन माणसं ठरलेली असत. एक गव्हाणचे काका. त्यांचं मिठागर अण्णांनी मोजलं होतं, तिथपासूनची ओळख. ते सकाळच्या एसटीने यायचे आणि खेळ संपल्यावर परत जायचे. दुसरे चाचा. त्यांचं शिवणकामाचं दुकान आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. काका त्यांना मास्टर म्हणत आणि ते काकांना दादूस. चौथी मी. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो. मी शाळेत शिकवत होते आणि सामना असला की शक्य तेव्हा रजा टाकून धावफलक लिहायला बसत होते.

सोंगट्यांना हात लावायचा अधिकार फक्त अण्णांचा. ज्याला क्षेत्ररचना बदलावीशी वाटेल त्याने अण्णांना पटवायचं. पटलं तर ते सोंगटी हलवत, मग मैदानावरचा कप्तान तसं करतो का ते ऐकायचं. कप्तानाने केलं तर त्या माणसाचा मान, नाही केलं तर कप्तान मूर्ख. काकांच्या मते आपला प्रत्येक कप्तान भित्रा होता. चाचा प्रत्येकाची बाजू घेत. ज्याला अकरा माणसं सांभाळायची आहेत त्याची तकलीफ ओट्यावर बसून कळत नाही, असं ते म्हणत. त्यावर काका विचारत की तुमच्या दुकानात कारागीर एकच, तोही टिकत नाही, तुम्हाला कप्तानकीतलं काय कळतं. अण्णा दोघांचं ऐकून घेत आणि बराच वेळ सोंगटीवर बोट ठेवून बसत.

आणखी एक नियम होता, तो सगळ्यांत कडक. आपल्या गोलंदाजाने बळी घेतला की त्या क्षणी जो जिथे, जसा बसला असेल त्याने तिथेच तसंच बसायचं. उपाहाराची किंवा चहाची सुट्टी होईपर्यंत उठायचं नाही. याला ते बैठक म्हणत. बैठक मोडली की विकेट मिळत नाही, यावर तिघांचाही विश्वास होता. चाचा नमाजाची वेळ सांभाळूनच येत, म्हणजे मधे उठावं लागू नये.

एकदा मी बैठक मोडली होती. चुलीवर, म्हणजे गॅसवर, दूध होतं. ते वर आलं तशी मी उठले आणि त्याच चेंडूवर स्लिपमधला झेल सुटला. अण्णा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. काकांनी पुढची दोन वर्षं सुटलेल्या प्रत्येक झेलाला दुधाचा क्याच म्हटलं. मग पुन्हा कधीतरी तसाच प्रसंग आला. या वेळी दूध उतू गेलं, पातेलं करपलं, घरभर वास सुटला, मी जागची हलले नाही. बळी मिळाला. अण्णांनी ते पुढे कितीतरी जणांना सांगितलं. माझी पोरगी बसून राहिली, दूध जळलं तरी उठली नाही, असं. मी एम.ए. झाले तेव्हाही ते माझ्याबद्दल इतकं बोलले नव्हते.

तो सामना नव्वद सालाच्या आगेमागे कधीतरीचा. पाचवा दिवस. पाहुण्या संघाच्या शेवटच्या चार जोड्या आपल्याला फोडायच्या होत्या आणि ते नुसते चेंडू अडवत होते. उपाहारानंतर लगेच एक बळी गेला. बैठक लागली. अण्णा खाटेवर भिंतीला टेकून, समोर स्टुलावर बोर्ड. त्यांच्या बरोबर समोर लोखंडी खुर्चीत चाचा. काका खाली जमिनीवर, खिडकीतल्या रेडिओकडे तोंड करून. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, मांडीवर वही. माझ्या जागेवरून मला अण्णांची उजवी बाजू दिसत होती.

मग बराच वेळ काही घडेना. नवा चेंडू घ्यायची वेळ होऊन गेली होती आणि कप्तान घेत नव्हता. काकांचं डोकं तापलं. ऑफस्पिनर दमलेला आहे, नवा चेंडू घ्या आणि वेगवान गोलंदाज आणा, असं ते रेडिओला सांगत होते. चाचांचं म्हणणं, खेळपट्टी फिरते आहे, जुनाच चेंडू बरा, फक्त फलंदाजाच्या नाकासमोर माणूस हवा. मिडविकेटचा माणूस काढून शॉर्ट लेगला आणा.

"अण्णासाब, एक माणूस त्याच्या अंगावर बसवा," चाचा म्हणाले. "त्याला श्वास घेऊ देऊ नका."

अण्णांना ते पटलेलं दिसलं. त्यांनी मान हलवली, मिडविकेटची सोंगटी बोटांत धरली आणि उचलली. सोंगटी शॉर्ट लेगकडे निघाली आणि तिथे थांबली नाही. फलंदाजांच्या वरून हात पलीकडे गेला, स्लिपच्या मागे, सीमारेषेच्या अर्ध्या वाटेवर. तिथे ती बोटांतून सुटल्यासारखी खाली पडली. गोल फिरून आडवी झाली. त्यांनी ती सरळ केली नाही. हात बोर्डाच्या काठावरून खाली, चादरीवर आला आणि तिथेच राहिला.

मी म्हटलं, "अण्णा, शॉर्ट लेगला ना?"

त्यांनी घशातल्या घशात काहीतरी आवाज केला. काकांनी वळून आधी बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गप गो. अण्णांच्या मोजनीत चूक कारतेस? ते उगाच नाय ठेवाचे."

आणि दोघं त्या सोंगटीवर वाद घालू लागले. स्लिपच्या मागे इतक्या लांब माणूस कशाला? काका म्हणाले, अण्णांच्या मनात नवा चेंडू आहे. हा फलंदाज शेपटातला, वेगवान चेंडू आला की बॅट फिरवणार, कड लागली की चेंडू स्लिपच्या डोक्यावरून जाणार, आणि तिथे आपला माणूस उभा. चाचा म्हणाले, पण त्यासाठी मिडविकेट मोकळी सोडायची म्हणजे जुगार झाला. काका म्हणाले, जुगार नाही, हिशोब. अण्णांनी आयुष्यभर हिशोबच केला. मग चाचांनीही थोडा विचार करून मान्य केलं की चाल मोठी आहे, या कप्तानाच्या डोक्यात यायची नाही.

मी अण्णांकडे पाहत होते. त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा खाली आला होता. तिथे थुंकीचा बारीक ओलावा होता आणि ते तो पुसत नव्हते. अण्णा रुमालाशिवाय न बसणारे गृहस्थ. डोळे उघडे होते, बोर्डावर होते. मला कळलं. आजाराचं नाव माहीत नव्हतं, पण ही चाल नाही, हे कळलं. डॉक्टरांचा दवाखाना पुढच्या गल्लीत होता. मला फक्त उठायचं होतं.

मी उठले नाही.

का, ते मी इतक्या वर्षांत अनेक प्रकारे मांडून पाहिलं. मी घाबरले होते म्हणून, असं काही वर्षं मानलं. खरं असं आहे की मी त्या चेंडूपुरती थांबले, मग त्या षटकापुरती. मला वाटत राहिलं की आता उठले आणि काही नसलं, तर अण्णांनी माझ्याबद्दल जे एवढं सगळ्यांना सांगितलं होतं ते खोटं ठरेल. माणूस इतक्या लहान गोष्टीसाठी बसून राहू शकतो, हे मला आता कुणी सांगितलं तर पटणार नाही. पण मी बसले होते.

मग कप्तानाने नवा चेंडू घेतला. काका मांडीवर थाप मारून म्हणाले, ऐकलं की अण्णांचं. दुसऱ्या की तिसऱ्या षटकात समालोचक म्हणाला की कप्तानाने एक क्षेत्ररक्षक स्लिपच्या मागे, बराच मागे पाठवला आहे. पुढच्याच चेंडूवर फलंदाजाने बॅट फिरवली, कड लागली, चेंडू स्लिपच्या डोक्यावरून उडाला आणि त्या माणसाच्या हातात गेला.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी जागेवरूनच अण्णांना हात जोडले. अण्णांनी काहीच केलं नाही, आणि काकांना ते त्यांच्या स्वभावाला धरूनच वाटलं. बळी मिळाला म्हणजे बैठक आणखी घट्ट. आता तर श्वासही जपून घ्यायचा. चहाची सुट्टी व्हायला वीस मिनिटं होती. मी वहीत बाद झालेल्याचा रकाना भरला. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि ते अक्षर सुबक आहे.

सुट्टी झाली तशी मी उठले. अण्णांना हात लावला तर ते उजवीकडे कलंडले.

डॉक्टर आले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, पाय दाबून पाहिला आणि विचारलं, केव्हा झालं हे? मी म्हटलं, आत्ताच, चहाच्या वेळी. चाचा माझ्या शेजारी उभे होते. अण्णांना रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. सामना आपण जिंकलो, हे मला दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात कुणाच्या तरी हातातल्या वर्तमानपत्रावरून कळलं. अण्णा अकरा दिवस होते. बोलले नाहीत.

तेराव्याला जेवणं झाल्यावर काका माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तुजा बापूस शेवटचा फिल्डर लावून गेला. आनी तू उठली नायस, म्हनून त्यांना तो क्याच कानांनी आयकाला मिलला. ध्यानात ठेव."

त्यांनी ते माझं सांत्वन म्हणून म्हटलं. तेव्हापासून ती गोष्ट फिरत राहिली. मोजणीवाल्या अण्णांनी अर्धांगाचा झटका यायच्या तोंडावर कप्तानाच्या आधी माणूस लावला. गव्हाणला, उरणच्या बाजूला, आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीतसुद्धा मी ती ऐकली. सांगणारा दरवेळी माझ्याकडे पाही आणि मी मान हलवत असे. पुढे काकांच्या गावातल्या पोरांनी स्पर्धा भरवली, तेव्हा काकांनी चाचांना आणि मला बोलावलं. बक्षीस माझ्या हातून दिलं आणि लाउडस्पीकरवरून ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. माझ्या बसून राहण्यापर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना एसटीत मी आणि चाचा शेजारी होतो. गाडी अर्धी रिकामी होती. मी त्यांना सांगितलं की ती चाल नव्हती. अण्णांचा हात घसरला होता. मी त्यांचं तोंड वाकडं झालेलं पाहिलं होतं आणि पाऊण तास बसले होते.

चाचांनी गुडघ्यावरची टोपी चाचपली.

"मालूम आहे, बेटी," ते म्हणाले. "मी तर समोर होतो. तुझ्याआधी मी पाहिलं."

मी विचारलं, मग तुम्ही का नाही उठलात?

"मला वाटलं तू उठशील. तुझे वालिद आहेत, तू उठशील. तू उठली नाहीस, तेव्हा मला वाटलं मलाच काहीतरी दिसतंय." मग ते म्हणाले, "आणि अण्णासाबनी माझ्याकडे पाहिलं होतं. डोळ्यांनी म्हणाले, बसा."

अण्णांचे डोळे मला सारखे बोर्डावरच दिसले होते. पण मी बाजूने पाहत होते आणि वहीत लिहायला मधेमधे मान खाली घालत होते. त्यांनी खरंच खुणावलं असेल. नसेल तर चाचांनी ते माझ्यासाठी त्या गाडीत बसल्या बसल्या रचलं असेल, किंवा स्वतःसाठी फार आधीच रचून ठेवलं असेल. त्यांना तेव्हाच पुन्हा विचारता आलं असतं. पनवेल यायला अजून बराच रस्ता होता.

चाचा दोन वर्षांनी गेले. काकांना मी अजून काही सांगितलेलं नाही, आणि आता त्यांना ऐकू येत नाही.