पांढऱ्या पानाचे अन्न

वनस्पती स्वतःचे अन्न कसे तयार करते, हा धडा मी निवृत्त होईपर्यंत राजाजीनगरच्या एका शाळेत शिकवला. त्यासाठी क्रोटनचे हिरवे-पांढरे पान लागे. ते स्पिरिटमध्ये ठेवून गरम पाण्यात तापवायचे, हरितद्रव्य उतरले की धुऊन घ्यायचे आणि वर आयोडीनचे थेंब टाकायचे. जेथे हिरवे होते तेथे निळा-काळा रंग चढे. पांढरा भाग कोराच राही. पांढऱ्या भागाला अन्न करता येत नाही, हा निष्कर्ष मुले एका सुरात म्हणत. तो कधी माझ्या घरात येऊन बसेल, असे मला वाटले नव्हते.

खिडकीजवळचे मॉन्स्टेराचे शोभेचे झाड माझ्या यजमानांनी आणले. हिरव्या पानांवर चुना शिंपडावा तसे पांढरे फटकारे. कुंडी मांडीवर घेऊन ते रिक्षातून घरी आले होते. पुढे त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज तेवढी शाबूत राहिली. तेव्हापासून झाड समोर असले तरच ते घास गिळतात. खुर्ची दुसरीकडे वळवली की ओठ मिटतात. नवे पान सुटू लागले की डाव्या हाताचे बोट उचलून मला दाखवतात. खाणे थांबले तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

आणि हे झाड मरू लागले होते.

नवे येणारे प्रत्येक पान आधीच्याहून पांढरे. शेवटची दोन तर कागदासारखी कोरी. त्यांना पोसता पोसता खालची हिरवी पाने पिवळी होऊन गळत गेली आणि अखेर एकच उरले. मी कुंडी उजेडाकडे सरकवली, दिवा लावला, माती बोटाने तपासल्याशिवाय पाणी घातले नाही. काही उपयोग झाला नाही. अशा वेळी उपाय एकच असतो: खोडावर हिरवी रेघ जेथे अजून शिल्लक आहे, त्या पेराच्या वर कात्री चालवायची, म्हणजे खालून फुटणारा कोंब हिरवा निघण्याची आशा असते. पण यजमान बघत ती नेमकी ती दोन पांढरी पाने.

कात्री स्पिरिटने पुसत होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या अक्का आल्या. त्यांचे घराणेही आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या ह्या कानडी मुलखातले, मराठी.

"अय्यो मिस्, स्वल्प थांबा! शुक्रवारी कात्री लावता? घरात लक्ष्मी उभी आहे नं ही!"

"अक्का, ह्या लक्ष्मीला स्वयंपाक येत नाही."

"कुठल्या लक्ष्मीला येतो? तिला करून घालायचं असतं. सरी, असू दे, माझं काम मी करते."

आणि मी अडवीपर्यंत त्यांनी ओल्या बोटाने पांढऱ्या पानाला हळदकुंकू लावलेसुद्धा. यजमान हसले. आजारपणानंतर प्रथमच हसले, अर्ध्या तोंडाने. मी कात्री खाली ठेवली.

पण पांढरा भाग फार नाजूक असतो. थोड्याच दिवसांत कुंकवाच्या जागी तपकिरी डाग पडला आणि पसरू लागला. उरलेल्या हिरव्या पानाचे देठही मऊ वाटू लागले. आता थांबणे शक्य नव्हते. मी कात्री घेऊन यजमानांसमोर स्टूल ओढून बसले आणि वर्गात समजावून सांगावे तसे सावकाश सांगू लागले.

"हे पान पाहा. हे दिसायला सुंदर आहे, पण ह्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. हे दुसऱ्याच्या जिवावर जगतं. त्यामुळे त्याला पोसणारं पान थकत जातं. म्हणून हे काढायला हवं. कळलं?"

शेवटचा शब्द सवयीने गेला. मग मी त्यांच्याकडे पाहिले.

त्यांना कळले होते. त्यांनी डावा हात सावकाश उचलला, स्वतःच्या छातीवर टेकवला आणि मग माझ्या हातातल्या कात्रीकडे बोट केले.

"अहो, मी झाडाबद्दल बोलत होते!" मी ओरडलेच. "झाडाबद्दल!"

त्यांनी ओठ मिटले. दुपारची रागीची गंजी, म्हणजे नाचणीची पेज, गार झाली, पुन्हा गरम केली, पुन्हा गार झाली. मी विनवले, रागावले, शेवटी चमचा धरूनच रडले. नळीचे नाव घेतले तरी ते झाडाकडेसुद्धा पाहीनात.

तेव्हा मी उठून कात्री कपाटाच्या वरच्या फळीवर, त्यांना दिसेल अशी, ठेवून दिली. डागाळलेले पान ओल्या फडक्याने टिपले. "हे राहणार," मी म्हणाले. "जितके दिवस राहील तितके दिवस राहणार. मी काही थकलेली नाही." बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग तोंड उघडले, एका चमच्यापुरते.

आता रोज सकाळी, त्यांना खुर्चीत बसवण्याआधी, मी कुंडी थोडी फिरवते. पांढरी पाने त्यांच्याकडे येतात. एकुलते हिरवे पान खिडकीकडे जाते. त्याची कड पिवळी पडू लागली आहे. ती बाजू त्यांना दिसू नये.