पंचनाम्यातला वास

मिठागरावरच्या त्या मजुराची आठवण झाली की आजही आधी तो वास येतो.

दारूबंदीची वर्षं होती. उरणच्या बाजूला खाडीकाठच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळी खबऱ्याने सांगितलं, "साहेब, जासईच्या बांधावर एकजण झिंगतोय." आम्ही त्याला उचलून आणलं. मिठागरावर राबणारा, पंचविशीचा, नुसती हाडं. नियमाप्रमाणे त्याला आधी डॉक्टरकडे न्यायचं. आमची रीत वेगळी होती. दोन पंच बोलवायचे, आरोपीला तोंड उघडायला लावायचं आणि वास लिहून घ्यायचा.

वास होताच. गोडसर, सडक्या केळ्यांसारखा.

"साहेब, फळांची मारलीय! शौकीन गडी," हवालदार म्हणाला. पंच हसले. मीही हसलो.

"कुठल्या भट्टीवर प्यायलास?"

"पानी द्या, सायेब."

"आधी भट्टी सांग. मग पाणी."

तासभर मी हेच म्हणत राहिलो. तो धाप लागल्यासारखे खोल श्वास घेत होता. मला ते सोंग वाटलं.

दुपारी त्याची बायको आली. "सायेब, त्यो दारू पीत नाय. नुसता पानी पितो, हंडाभर. मुततो तिथं मुंग्या लागतान."

"म्हणजे गोड दारू!" हवालदार म्हणाला. माझी नजर मात्र कोठडीच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे मुंग्यांची रांग होती.

मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून त्यांनी नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं विटकरी झालं.

"मधुमेह आहे, फौजदार. शरीराला साखर वापरता येत नाही, म्हणून ते चरबी जाळतंय. त्यातून रक्तात आम्ल साचलंय. हा वास ॲसिटोनचा आहे, दारूचा नव्हे. माझ्याकडे इन्शुलिन नाही. मुंबईला न्या, लगेच."

मोऱ्याच्या बंदरावर पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. मुंबईची लाँच धक्क्याला येईना. चिखलाकडे बघत बसलो. भरतीआधीच तो गेला. सकाळी मी भट्टीचं नाव विचारत होतो, तेव्हा धक्क्याला भरपूर पाणी होतं.

महिन्याभराने त्याची बायको पुन्हा आली. गावात म्हणत होते, दारूने मेला. "सायेब, कागदावरचा त्यो वास तेवढा खोडा."

पंचनामा खोडता येत नाही, असं मी तिला सांगितलं. ते खरंच होतं. पण पुरवणी अहवाल लिहिता आला असता. त्यात मी पाणी नाकारलं हेही आलं असतं. मी लिहिला नाही.

तहानलेल्याला आधी पाणी द्यावं, प्रश्न नंतर विचारावेत. या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं, आणि हे शिकायला पोलिसात जावं लागत नाही.

तो प्यायलेला नव्हता. आज लिहितोय, तेही त्याचं नाव न देता. म्हणजे त्याच्या गावात हे अजूनही कुणाला कळणार नाही.