गोफण आणि बॉम्बफेकी विमान

मी उरवड्याच्या शाळेत शिकवायचे आणि गावातले फोटोही काढायचे. फोटो म्हणजे लग्न, बारसं, नाहीतर तालुक्याचा कुणी साहेब आला तर त्याच्या हाराचा. माझ्याकडे डबा कॅमेरा होता आणि एका रोलवर आठ फोटो निघायचे. आधी सगळ्यांना ताठ बसवायचं, तान्ह्या पोराचं डोकं मागून कुणीतरी धरायचं, आणि मग मी ओरडायचं, "हलू नका!" कुणी हललंच तर मी अशी भडकायचे की नवरदेवसुद्धा श्वास रोखून बसायचा. हलला तो बिघडला, एवढंच माझं शास्त्र.

माझे वडील, आबा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन उन्हाळे लोहगावच्या विमानतळावर खडी फोडायला होते. धावपट्टीचं काम चालू होतं. डोक्यावरून चार पंख्यांची बॉम्बफेकी विमानं जायची, पण मान वर केली की मुकादम शिव्या घालायचा. "आवाज आयकला, सावली बघितली. इमान काय धड बघितलं न्हाई," असं ते सांगायचे. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि लांबचं सगळं धुरकट झालं. हातात धरून डोळ्यांजवळ नेलेलं मात्र अजून दिसायचं. ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून गोठ्यात जायचे.

त्या वर्षांत लोहगावला लोकांसाठी विमानांच्या कसरती व्हायच्या. त्या दिवशी फोटो काढायला मुभा असे. लढाईतून उरलेलं एक जुनं बॉम्बफेकी विमान अजून उडतं, असं कळलं आणि मी ठरवून टाकलं. आबांच्या हातात ते विमान द्यायचंच. त्यांचे डोळे पुरते जायच्या आत.

पहिल्या वर्षी मी गर्दी अडवायला बांधलेल्या दोराशी खांबासारखी उभी राहिले. कॅमेरा पोटाशी घट्ट धरला, श्वास रोखला, विमान समोर आलं की कळ दाबली. आठही फोटोंत एक राखाडी फराटा आला. आबांनी एकेक फोटो नाकाशी नेऊन पाहिला आणि म्हणाले, "शेणानं सारवल्यावानी दिसतंय."

"विमान हललं, त्याला मी काय करू?" मी चिडून म्हणाले.

"इमान हलणारच की! तू कशापायी गप हुबी ऱ्हायलीस?"

भात पिकायला आलं होतं. त्यांनी मला खाचरातल्या, पाखरं राखायच्या माळ्यावर चढवलं आणि हातात गोफण दिली. त्यांना पाखरं दिसत नव्हती, पण गोफण फिरवायला त्यांना डोळे लागत नव्हते. "पाखरावर नेम धरून थांबलीस का ते गेलं. त्याच्यासंगं कमरंतनं फिरायचं. आन् धोंडा सुटला तरी हात थांबवायचा न्हाई. थांबला का धोंडा भरकटला."

मी इरेला पेटले. वर्षभर रिकामा कॅमेरा घेऊन पिरंगुटच्या उतारावर उभी राहायचे आणि एसटी आली की तिच्याबरोबर फिरायचे. कॅमेऱ्याच्या काचेत सगळं उलटं दिसतं, डावं ते उजवं, त्यामुळे सुरुवातीला एसटी एकीकडे आणि मी दुसरीकडे. रस्त्यावरची माणसं विचारायची, "बाई, एस्टीचं लगीन हाय काय?" मी म्हणायचे, "हाय. तुमी वऱ्हाडी."

दुसऱ्या वर्षी कर्ण्यावरून सांगितलं की ते जुनं विमान आज शेवटचं उडणार. आठही फोटो मी त्याच्यासाठीच राखून ठेवले होते. विमान धावपट्टीवरून धडधडत आलं आणि मी त्याच्याबरोबर फिरले. कळ दाबली, तरी फिरतच राहिले. माझं कोपर शेजारच्या गृहस्थांना लागलं आणि त्यांची टोपी पडली. ते ओरडत होते. मी माफीसुद्धा मागितली नाही, पुढच्या फोटोसाठी रोल फिरवत होते.

आठांतला एक साधला. चारही पंखे, पोटावरचे पत्र्याचे जोड, जमिनीवरून नुकतंच उचललेलं चाक, सगळं लख्ख. मागचं जग मात्र नुसत्या आडव्या रेघा. उंबऱ्यापाशी उन्हात मी तो फोटो आबांच्या हातात दिला. मला इतका आनंद झाला होता की पाय जमिनीवर ठरेनात.

आबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "लई मोठं हाय गं," ते म्हणाले. मग त्यांचं बोट खाली सरकलं. "आन् हितं काय हाय?"

"धावपट्टी."

"हितं तर निस्त्या रेघा हायेत. आमची खडी कुटं गेली?"

दोन वर्षं मी विमानाच्या मागे लागले होते. आबांचे दोन उन्हाळे ज्या जमिनीत गेले, तिच्याबद्दल मी एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या वर्षी मी आबांना घेऊन गेले. जुनं विमान आता नुसतं उभं करून ठेवलं होतं आणि सगळी गर्दी त्याच्याभोवती. मी उलट्या दिशेला, धावपट्टीच्या कडेला निघाले. पहारेकरी म्हणाला, "बाई, विमान तिकडं आहे."

"मला विमान नको. यांनी फोडलेली खडी बघायचीय," मी म्हणाले आणि हटले नाही. आबांकडे बघून तो म्हणाला, "एकच मिनिट."

आबा खाली बसले. कडेला डांबर निघालं होतं, तिथे खडी उघडी पडली होती. तिच्यावरून त्यांनी तळहात फिरवला. मग उठले आणि पटका सारखा केला.

"आबा, हलू नका," मी सवयीनं म्हणाले.

ते हलले नाहीत. खाली बघतच त्यांनी विचारलं, "मान वर केली तर चालंल न्हवं?"

"करा," मी म्हणाले, आणि त्यांनी ती पुरती वर करेपर्यंत थांबले.