डावा की उजवा

बोरीवलीच्या पश्चिमेला कधी संतापाचं विद्यापीठ निघालंच, तर कुलगुरू म्हणून माझ्या मावससासूबाईंखेरीज दुसरं नाव कोणाला सुचणार नाही. त्यांचा राग आदळआपट करणारा नव्हे. तो कोकमाच्या सरबतासारखा आहे: गडद, थंड, आणि घशाखाली उतरल्यावर दात आंबवणारा. लहानपणापासून त्यांना अपस्माराचे झटके येतात, पण झटक्यांपेक्षा भोवती जमणाऱ्या शहाण्यांनीच आपल्याला अधिक छळलं, असं त्यांचं ठाम मत आहे. एकदा भाजीबाजारात त्या कोसळल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा ओल्या मेथीचा वास होता, तापलेल्या ताडपत्रीचा वास होता, आणि या दोन्हींवर मात करणारी, एका परोपकारी गृहस्थाने नाकाला लावलेली चप्पल होती. "ही कोणाची?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कौतुकाच्या अपेक्षेने गृहस्थ पुढे सरसावले. माणसाला कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काही ठेवावं, तोंडात काही कोंबू नये आणि नाकाला काही हुंगवू नये, यावर त्यांना भर बाजारात सविस्तर व्याख्यान ऐकावं लागलं, आणि "सोडली तर उद्या दुसऱ्या कोणाला हुंगवशील" म्हणून चप्पल जप्त झाली. एक पाय अनवाणी ठेवून ते घरी गेले. ती चप्पल आजही मावशींच्या गॅलरीत, ओव्याच्या कुंडीखाली टेकू म्हणून सेवा बजावते आहे.

अशा बाईंना डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारलं, तेव्हा सोबत मी होते. नेहमीच्या गोळ्या चालूच राहणार. जोडीला काहींना नवं औषध मिळणार, काहींना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी. कोणाला कुठली मिळाली हे रुग्णाला ठाऊक नसतं आणि डॉक्टरांनाही नसतं. "तुम्हालासुद्धा माहीत नाही, आणि हे तुम्ही हसत सांगताय?" मावशी कडाडल्या. डॉक्टर तरुण होत्या, पण धीराच्या. माहीत असलं की डोळ्यांना हवं तेच दिसू लागतं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मावशींनी संमतीपत्र पुढ्यात ओढलं. मग म्हणाल्या, "मनासारखं बघायची खोड तुम्हाला आहे, हे कबूल तरी केलंत. आमच्या घरात कोणी करत नाही." आणि सही केली.

अडचण पुढे आली. झटका कसा आला, हे मावशींना स्वतःला आठवत नाही. जवळच्या माणसाने ते पाहून डॉक्टरांना सांगायचं असतं. हा त्यांच्या संतापाचा सर्वांत जुना विषय. "माझ्या आयुष्यातला एवढा मोठा प्रसंग, आणि तिथे मी सोडून सगळे हजर!" घरात धाकटा भाऊ, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. त्यांचं निरीक्षण "झालं थोडंसं" यापुढे कधी गेलं नाही. म्हणून शेजारच्या इमारतीतून माझी नेमणूक झाली. "तू कवितेत एम. ए. केलंस ना गं? बघायला शिकवलं असेलच तिथे." पहिली परीक्षा एका दुपारी झाली. लसूण सोलता सोलता त्यांची बोटं थांबली, नजर भिंतीपलीकडे गेली, ओठ चव घेतल्यासारखे हलू लागले, आणि एक हात पदराच्या काठाशी चाळा करू लागला. त्या सावरल्यावर मी भारावून सांगितलं, की पदरात हरवलेला एखादा सूर शोधावा तसा हात फिरत होता.

"सूर राहू दे. डावा की उजवा?"

मला सांगता आलं नाही. "कवितेने वाट लावली तुझी," एवढंच त्या बोलल्या, आणि पुन्हा लसूण सोलू लागल्या.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मामांनी मला लिफ्टपाशी गाठलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं आणि मुलाची आत्या त्याच रुग्णालयात नोकरीला होती. गुरुवारी मावशींना झटका आला तेव्हा मी आणि मामा दोघंही तिथे होतो. तरी त्या आत्याच्या कानावर जाऊ नये म्हणून या वेळी काहीच झालं नाही, असं सांगू या, एवढीच त्यांची विनवणी होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर मामाच आधी बोलले, "एकदम झकास आहे ताई. काही नाही." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. स्वतःविषयीची ती बातमी खरी सांगणारं त्यांना माझ्याखेरीज कोणी नव्हतं.

"गुरुवारी दुपारी," मी म्हणाले. "आधी ओठ हलले, मग डावा हात. हाका मारल्या, ओ दिली नाही."

मावशींनी आवाज चढवला नाही. भावाकडे वळून म्हणाल्या, "तू लपवलंस, तर या बाईंना वाटणार गोळी चालली. मग ती कुठल्यातरी पोरीला देतील. ती पोर भरवशाने गॅससमोर उभी राहील. कळतंय का रे तुला?" मामांच्या मुलीने मावशींचा आजार त्या मुलाला पहिल्याच भेटीत सांगून टाकला होता, हे त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं.

परतताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. नॅशनल पार्ककडून ओल्या पानांचा गारवा येत होता. रस्त्याकडे बघत, एरवी कधी न ऐकलेल्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आणि चेहरा? चेहरा कसा होतो गं माझा?" मी घुटमळले. "दे, उपमा दे हवी तर," त्या म्हणाल्या.

"आतल्या खोलीतून कोणीतरी हाक मारतंय, आणि तुम्ही ती कान देऊन ऐकताय, असा."

"वाकडा नाही?"

"नाही."

त्यांनी पदर सारखा केला. "आणि हाक कोण मारतं?"

"ते नाही दिसलं, मावशी."

"निरीक्षण कच्चं आहे तुझं," त्या म्हणाल्या. पण त्या वाक्यात, मी शोधूनही, राग सापडला नाही.